काचेवरचा पांढरा ठिपका

सोमवार, ५ फेब्रुवारी १९९६. जळोची, बारामती

आले एकदाची! घरून, मिरजेहून पहाटे निघालेली एसटी बारामतीच्या स्टँडवर टेकली तेव्हा एक वाजला होता, आणि मला उतरवून घ्यायला चक्क तीन माणसं उभी होती. एकाच्या हातात हार. आयुष्यात पहिल्यांदा गळ्यात हार पडला. पुण्यात चार वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांसाठी नमुने काढले, नळ्या धुतल्या. आता रिपोर्टाखाली सही माझी असेल: हेमलता कुंभोजकर, रसायनतज्ज्ञ.

हार घालणारे आबासाहेब द्राक्ष बागायतदारांच्या संस्थेचे अध्यक्ष आहेत. साठीचे, पांढरी टोपी, बोलणं हळू. द्राक्षं परदेशी जायला लागल्यापासून तिकडची माणसं विचारतात, फळात औषध किती उरलं, पाण्यात किती उतरलं. (इकडे कीटकनाशकाला सगळे औषधच म्हणतात. सवय करायला हवी.) म्हणून संस्थेनं जळोचीतल्या जुन्या गोदामाच्या दोन खोल्यांत ही प्रयोगशाळा काढली. बागांचं आणि गावोगावच्या पिण्याच्या पाण्याचं तपासायचं, असं ठरलंय.

भिंतींना अजून खताच्या पोत्यांचा वास येतो. पण ओटे नवे, नळाला पाणी, आणि पुण्याहून आलेल्या खोक्यांतल्या काचेला एक तडा नाही. मोठं यंत्र पुढच्या वर्षी घेऊ म्हणाले. मी म्हटलं, तोवर काचेच्या पाट्यांवर भागवते, मला त्यांचीच जास्त सवय आहे.

हाताखाली म्हस्कू नावाचे शिपाई आहेत. पन्नाशीचे, इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे. बोलतात कमी, पण आलं घातलेला चहा फर्मास करतात. राहायची सोय फुलाबाईंकडे, लॅबपासून पाच मिनिटांवर. विधवा आहेत, मागे वांगी-गवारीचा मळा आहे. गेल्या गेल्या भरीत-भाकरी वाढली आणि लेकीसारखी राहा म्हणाल्या.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज म्हस्कूंना सांगितलं, बाजारातून बोकडाचं काळीज आणा, ताजं, पाव किलो. त्यांनी गंभीरपणे विचारलं, भाजायचं का रस्सा करायचा? मला इतकं हसू आलं की शेवटी त्यांना समोर बसवून सगळं दाखवलं.

एक लिटर पाणी खाली तोटी असलेल्या मोठ्या काचेच्या भांड्यात घ्यायचं. त्यात विद्रावक ओतून जोरात हलवायचं, म्हणजे पाण्यात औषध असेल तर ते विद्रावकात उतरतं. असं तीनदा. मग ते आटवून थेंबभर उरवायचं आणि तो थेंब पांढरा थर दिलेल्या काचपाटीच्या तळाशी टेकवायचा. पाटी उभी केली की विद्रावक वर चढतो आणि औषधाला आपल्याबरोबर ठरलेल्या उंचीपर्यंत नेतो. शेवटी पाटीवर काळजाचा गाळलेला अर्क फवारायचा आणि त्यावर रंग. काळजात एक द्रव्य असतं, ते जिवंत असलं की सगळी पाटी जांभळी होते. औषधानं ते जिथं मारलेलं असेल तेवढी जागा पांढरी राहते. हेच द्रव्य थोड्याफार फरकानं माणसाच्या रक्तात आणि नसांतही असतं, म्हणून तर ही औषधं माणसाला मारतात.

म्हस्कू पाटी जांभळी होताना टक लावून बघत होते. मध्यावर मी मुद्दाम ठेवलेल्या औषधाचा ठिपका पांढराच्या पांढरा.

"म्हंजी इख दिसत न्हाय," ते म्हणाले, "मेलेली जागा दिसती."

चार वर्षांत एकाही साहेबाला इतकं नीट समजलं नव्हतं. शेजारी शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही दाखवला. दर खेपेला तो बरोबर चालवायचाच. त्यात ठिपका आला तर चूक आपली, पाण्याची नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात एकवीस नमुने झाले, सगळे स्वच्छ. म्हस्कू दिवसाला तीन चहा देतात आणि थोडं थोडं बोलायला लागलेत. त्यांच्या वडलांची शंभर मेंढरं होती. पावसाळा सोडला तर घर पाठीवर. आता निरवांगीला दोन एकर आहे, मुलगा सर्जेराव नावाच्या बागायतदाराकडे फवारणीला जातो.

दुपारी त्यांच्याच गावच्या कुशाबाई आल्या. सत्तरीच्या, काटक. डोक्यावर पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन. एसटीनं आल्या होत्या. म्हणाल्या, महिन्यामागं विहिरीवर पाणी पिऊन त्यांची चौदा मेंढरं उभ्या उभ्या थरथरून पडली. त्यानंतर चार दिवसांनी सून गेली. नकोशी तिचं नाव. तोंडाला फेस, अंगाला घामाच्या धारा, आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं.

 मोहरीएवढ्या बाहुल्या हृदयानं होत नाहीत, फवारणीच्या औषधानं होतात.

प्लॅस्टिकच्या कॅनमधलं पाणी चालत नाही, म्हणून उद्या धुतलेल्या काचेच्या बाटल्या घेऊन मीच निरवांगीला जाते.

शनिवार, २४ फेब्रुवारी

परवा निरवांगीला जाऊन आले. विहीर द्राक्षबागांच्या मधोमध आहे. कठड्याला टेकून निळे ड्रम उपडे घातलेले. फवारणीचा ट्रॅक्टर तिथेच टाकी भरतो, ड्रम तिथेच विसळतात, आणि दहा पावलांवर बायका हंडे भरत होत्या. बाग आणि विहीर दोन्ही सर्जेरावांची. चाळिशीचे, धिप्पाड, हसतमुख. आबासाहेबांचे भाचे आहेत. मला द्राक्षांचा घड दिला. मी तो धुतल्याशिवाय खाल्ला नाही याची त्यांनी नोंद घेतलेली दिसली.

आज पाटी फवारली. कोरा नमुना स्वच्छ. निरवांगीचा ठिपका टपोरा, पांढरा, बरोबर फवारणीच्या औषधाच्या उंचीवर. तीनदा केलं. तीनदा तेच.

लगेच आबासाहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, आता माल निघायचे दिवस आहेत, एप्रिल उलटू द्या. मी म्हटलं, बायका आज पाणी नेत आहेत. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट संस्थेला द्यायचा असतो. गावाला नाही."

घरी न जाता परत लॅबमध्ये आले आणि रिपोर्टाच्या दोन प्रती काढल्या. एक निरवांगी ग्रामपंचायतीला, एक पुण्याला सरकारी आरोग्य खात्यात. रजिस्टर पोस्टानं. पहिली सही. 

सोमवार, ४ मार्च

निरवांगीला ग्रामसभा होती. मला बोलावणं होतं. देवळासमोरच्या पटांगणात, भर बारा वाजता. पाचशे तरी माणसं असतील.

मी समजावून सांगत होते तेवढ्यात सर्जेराव उठले. घरून तांब्या मागवला आणि सगळ्यांसमोर घटाघट प्याले. "हे बघा. मेलो का?" हशा पिकला. मी म्हटलं, हे विहिरीचं पाणी नाही, तुमच्या घरचं आहे. ते हसत म्हणाले, "मग तुमच्या देखत काढू की. पण मंग तुमी प्यायचं."

खरंच बादली काढून आणली. माझ्यासमोर ठेवली. मी प्याले नाही. कशी पिणार? पण माझं नाही म्हणणं कुणालाच पुरावा वाटलं नाही. एक म्हातारा पुढे आला, माझ्या तोंडाकडे बघत ओंजळीनं प्याला आणि उरलेलं पाणी माझ्या पायावर टाकलं. "जल्मभर हेच प्यालो. तुमी आल्या आन् इखारी झालं व्हय?"

कुशाबाई उठल्या. "माझी सून—" एवढंच म्हणाल्या. शेजारच्या बायकांनी पदर धरून खाली बसवलं.

त्यांचा राग मला समजतो. व्यापाऱ्यांनी आठवडाभरात निरवांगीचा माल उचलणं थांबवलंय. रिपोर्टाची बातमी बाहेर गेली, पाणी मात्र तेच चालू आहे. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. गाडी गच्च भरली होती तरी.

शनिवार, ९ मार्च

पुण्याहून पत्र आलं. एका नमुन्यावर विहीर बंद करता येत नाही. दोन महिन्यांत वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने हवेत, तिन्ही दूषित निघाले तर तत्काळ कारवाई. म्हणजे अजून दोन. कुशाबाई आणून देतील, काचेच्या बाटल्या त्यांच्याकडे ठेवल्यात.

इथली हवा बदलली आहे. गिरणीवाल्यानं माझा डबा न दळता परत दिला. वाण्यानं सामान नाही म्हटलं, मागे पोती दिसत होती. फुलाबाईंनी महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. त्यांचा भाऊ संस्थेचा सभासद आहे. बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

आज लॅब उघडली तर तोटीची दोन भांडी फरशीवर चुरा होऊन पडलेली. कुलूप शाबूत. म्हस्कूंनी काचा भरल्या, मग चहा आणून दिला. रडू आलं ते त्या चहामुळे. इथं माणसासारखं वागणारं एवढं एकच माणूस उरलंय.

गुरुवार, १४ मार्च

कोऱ्या नमुन्यात ठिपका आला.

दोनदा केलं. शुद्ध पाण्यात, निरवांगीच्याच औषधाचा ठिपका. सगळी काच आम्लानं धुतली, नवी पाटी घेतली. पुन्हा ठिपका. दिवसभर डोकं दुखतंय. डावी पापणी आपोआप फडफडते.

हा ठिपका जाईपर्यंत माझ्या कुठल्याही रिपोर्टाला अर्थ नाही. हे करणाऱ्याला ते माहीत आहे. म्हणजे त्याला माझी पद्धत माहीत आहे.

शनिवार, १६ मार्च

सापडलं. शुद्ध पाण्याच्या मोठ्या बाटलीतच कुणीतरी औषध टाकलंय. बाटली ओतून दिली. आता पाणी मी स्वतः उकळून, वाफ धरून करते आणि कपाटात कुलपात ठेवते. किल्ली गळ्यात. कोरा नमुना स्वच्छ आला. निरवांगीचा दुसरा नमुना चालवला: ठिपका.

दोन झाले.

बुधवार, २० मार्च

पाडवा. घरोघर गुढ्या. फुलाबाईंनी दारात उभी केली, मला नैवेद्याला बोलावलं नाही. बरंच झालं, पोटात ढवळतंय. चार दिवस घाम, तोंडाला सारखं पाणी सुटतं. लांबचं धूसर दिसतं. डॉक्टर म्हणाले ऊन बाधलं आणि मनावर घेताय, गावी जा. दवाखान्याचं उद्घाटन आबासाहेबांच्या हस्ते झालंय, हे बाहेर आल्यावर दारावरच्या पाटीवर वाचलं.

आरशात बघितलं. खोलीत अंधार होता, बाहुल्या मोठ्या हव्या होत्या. बारीक टिंबं होती.

नकोशी.

शुक्रवार, २२ मार्च

फुलाबाईंच्या घरचं पाणी तपासलं. हंडा, माठ, मोरीतली बादली. सगळं स्वच्छ. त्यांच्याकडचं जेवण तरीही बंद केलं. आता फक्त स्टँडवरची सीलबंद बिस्किटं, माझं कपाटातलं पाणी आणि चहा.

लॅबसमोर सर्जेरावांची जीप उभी असते. सकाळी येते, संध्याकाळी जाते. आत दोन माणसं.  मी बाहेर आले की नुसती मान वळवून बघतात.

मंगळवार, २६ मार्च

पायऱ्या चढताना दम लागला. दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप उड्या मारतात. मला खात्री करून घ्यायची होती. बोकडाच्या काळजाऐवजी माणसाचं रक्त वापरूनही पाटी जांभळी होते. म्हस्कूंना म्हटलं, तुमचं थोडं रक्त द्या. त्यांनी न विचारता बाही वर केली. मग माझं काढलं. दोन्हींचं वरचं पाणी वेगळं केलं, कोऱ्या पाटीच्या डाव्या अर्ध्यावर त्यांचं फवारलं, उजव्यावर माझं. मग रंग.

त्यांची बाजू पाच मिनिटांत जांभळी झाली. दाट, सुंदर.

माझी पांढरी राहिली. पंधरा मिनिटं. अर्धा तास. ठिपका नाही, सगळीच.

म्हस्कूंनी पाटी बघितली. हातातला ट्रे ओट्यावर ठेवला आणि चप्पल न घालता बाहेर गेले.

ट्रेवर चहा होता.

बुधवार, २७ मार्च

रात्रभर कडी लावून लॅबमध्येच होते. चहा तपासला नाही. गरज नव्हती.

सकाळी म्हस्कू आले, उंबऱ्यातच बसले. सगळं सांगितलं. आधी सर्जेरावांनी फक्त मोठ्या बाटलीत टाकायला सांगितलं होतं, परीक्षा बिघडावी म्हणून. मग चहात. नाही म्हटलं तर मुलाला फवारणीच्या टाकीत उतरवू म्हणाले.

"बाई, ते सांगायचे तेवढं म्या कवाच घातलं न्हाय. लई कमी घालायचो. म्हनलं आजारी पडतील, घरी जातील. जगतील."

मी त्यांना शिव्या द्यायला हव्या होत्या. माझ्या तोंडातून एवढंच निघालं की इतका चांगला चहा का करत होतात. ते तोंडावर पटका धरून रडले. मी जा म्हटलं. गेले.

दुपारी कुशाबाई मागच्या दारानं तिसरी बाटली घेऊन आल्या. हात इतके थरथरत होते की भांडं त्यांनी धरलं, मी हलवलं. म्हातारी तीन तास उभी राहिली. पाटी जांभळी झाली तेव्हा ठिपक्यावर बोट न लावता दाखवलं. "ह्यो?" मी हो म्हटलं.

"माझी नकोशी ह्येच्यात गेली?"

हो म्हटलं.

तीन झाले. रिपोर्ट लिहिला, पाट्या कापसात बांधल्या. माझ्या रक्ताची पाटीसुद्धा, त्यावर नाव आणि तारीख घालून. कुशाबाई आज इथेच राहतील.

गुरुवार, २८ मार्च. सकाळ

कुशाबाईंबरोबर मीही जाणार होते. दारापर्यंत पाय उचलले नाहीत. जीप उजाडल्यापासून पुढे उभी. म्हातारी गाठोड्यात पाट्या बांधून मागच्या दारानं, फुलाबाईंच्या गवारीच्या मळ्यातून निघाली. तिच्याकडे कुणी बघत नाही. पुण्याची आठची गाडी. तिथं थेट त्या पत्रातल्या पत्त्यावर जायचं, हातात द्यायचं, सही घ्यायची, असं तीनदा वदवून घेतलं. निघताना माझ्या गालावरून खडबडीत हात फिरवला.

सगळ्या कड्या लावल्या. दोन दिवस चहा नाही, फक्त माझं पाणी. थोडं बरं वाटेल असं वाटतं. या द्रव्याला पुन्हा तयार व्हायला आठवडे लागतात, पण माणूस तगतो. तगायला हवं.

दुपारी बाराच्या पुढे

बाहेर खटक-खटक. ओळखीचा आवाज, लक्षात येईना. मग खिडकीच्या फटीतून नळी आत आली.

पाठीवरचा फवारणीचा पंप. द्राक्षवेलीवर मारतात तसं मारत होते, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, सावकाश. खोलीभर धुकं. वह्या, ओटे, माझे केस, तोंड. दुसऱ्या खिडकीतूनही. मी ओरडले. रस्त्यावर माणसं होती. फुलाबाई होत्या, मला दिसल्या. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन उभ्या.

कुणी हललं नाही. सर्जेराव जीपमध्ये बसून द्राक्षं खात होते—

आतल्या खोलीत आले. दार लावलं, फटीत टॉवेल. बेसिनवरच्या आरशासमोर साबणानं अंग घासलं, कपडे फेकले, पांढरा कोट गुंडाळलाय. नाकातोंडातून पाणी. उलटी.

साडेबारा

छातीत घरघर. दिसत नाही नीट. उन्हाळ्याची दुपार, पण खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं. बाहुल्या मिटत चालल्या. अक्षर मोठं काढते.

म्हस्कू. मागच्या झरोक्याशी. हळू बोलतात. मागच्या दारावरही आता त्यांचा माणूस आहे. पुढची माणसं आता दार मोडणार. दवाखान्यात नेतो म्हणून जीपमध्ये घालणार, पण जीप निरवांगीला जाणार. विहिरीत पडली म्हणून सांगायचं ठरलंय. त्यांनी कानांनी ऐकलं.

"म्हातारी गाडीत बसली, बाई. म्या सोता बघितली. गाडी गेली."

गेली. पाट्या गेल्या—

एक वाजायला दहा

म्हस्कूंनी झरोक्यातून पुडकं टाकलं. सुई आणि तीन काचेच्या कुप्या. फवारणीत विषबाधा झाली की देतात ते इंजेक्शन. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या पायावर डोकं ठेवून आणलं म्हणतात. अट्रोपिन. खरं असेल तर जगेन. आज तरी.

कुपीवरचं वाचता येत नाही. डोळ्याला लावलं, झरोक्याशी धरलं. मुंग्या. नुसत्या मुंग्या.

ह्याच माणसानं दोन आठवडे—

त्याच्या मुलाची मान त्यांच्या हातात आहे. सर्जेरावानंच दिलं असेल तर? "हे टोच म्हणावं स्वतःला." मग विहिरीचीही गरज नाही. इंजेक्शन घेऊन मेली.

खरं की खोटं, कसं—

पाटी नाही. काळीज नाही. वेळ नाही. पण अट्रोपिन डोळ्यात टाकलं की बाहुली मोठी होते. एवढं आठवतंय. अजून एवढं आठवतंय.

कुपी फोडली. बोट कापलं. दोन थेंब डाव्या डोळ्यात. उजवा तसाच. उजवा म्हणजे कोरा नमुना.

आता थांबायचं. पाच मिनिटं, दहा—

म्हस्कू विचारतात, टोचलं का. सांगितलं नाही. रडतात बाहेर. टोचा, बाई, टोचा—

पुढचं दार. पहार घालतायत. आबासाहेबांचा आवाज. हळूच बोलतात, मॅडम, उघडा, तुमची तब्येत—

श्वास अर्धा येतो

तिसरा दणका. बिजागरी

उजव्यानं बघते. अंधार. डाव्यानं—

कागद पांढरा दिसतोय. उजेड शिरतोय. डाव्यात उजेड शिरतोय, आरसा, बाहुली मोठी, मोठी होतेय, खरं बोलला, म्हस्कू खरं

सुई भरली मांडीला

दार